मोटारसायकलच्या टाकीवरचा हात

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर फारसं काही नाही. मेहकरात खताच्या गोदामावर बांधलेली दहा बाय बाराची खोली. आवाज घुमू नये म्हणून चारही भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या. मधोमध टेबल, टेबलावर माइक, स्टीलचा पेला, पेल्यावर झाकण. उजवीकडे काचेची खिडकी आणि काचेपलीकडे संघपाल. या छोट्या रेडिओ केंद्राचा व्यवस्थापक तोच, यंत्रं सांभाळणारा तोच, चहा सांगणाराही तोच. वर गच्चीत लोखंडी मनोरा. घड्याळात रविवार संध्याकाळचे सात वाजायला एक मिनिट कमी. प्रकाश म्हणजे एकच ट्यूबलाइट, ती खुर्चीतल्या माणसावर.

माणूस चौसष्ट वर्षांचा. अंगाने बारीक, खिशाला पेन, पायात रबरी चपला. दाढी अर्धी मेंदीने लाल आणि मुळाशी पांढरी. दर पंधरा दिवसांनी त्याची बायको ती रंगवून द्यायची. ती गेली, आणि आता पांढरं खालून वर चाललं आहे.

हा वाहेद शेख. जिल्ह्याच्या आमच्या बाजूला कोणत्या बँडला सुपारी मिळायची, म्हणजे कार्यक्रमाचं बोलावणं यायचं, आणि कोणता बँड घरी बसायचा, हे गेली बारा वर्षं बऱ्याच अंशी या माणसाच्या चार शब्दांवर ठरत आलं. शब्द असे: “मी उभं राहून ऐकलं.”

आपल्याकडे रॉक म्हटलं की लोक हसतात. वऱ्हाडात कुठलं आलं रॉक? पण गिटार, ड्रम आणि घसा फाडून म्हटलेलं वऱ्हाडी गाणं ऐकायला सिंदखेडराजापासून लोणारपर्यंतची पोरं जमतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मी स्वतः चाळीस वर्षं जलशात आणि नाटकात कामं केली. राजा झालो, फौजदार झालो, एकदा चक्क रेल्वेचा डबा झालो. टाळी कशी काढायची ते मला ठाऊक आहे. वाहेदने आयुष्यात एक टाळी काढली नाही, तरी लोक त्याच्या शब्दावर मंडप उभारायचे. ते कसं झालं ते सांगतो.

वाहेद मूळचा मलकापूरचा. स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं कॅसेटचं दुकान होतं, फळकुटाएवढं. मुंबई-नागपूरच्या गाड्या थांबायच्या, गाडीतला कोणी ना कोणी काही ना काही आणून द्यायचा. एका गार्डाने एकदा परदेशी कॅसेट दिली. वर लांब केसांचे चार बाप्ये. वाहेदने ती घरी नेऊन लावली. तेव्हा त्याचं लग्न होऊन चारच महिने झाले होते. त्याची बायको सरवरी, मेहकरची लेक, चुलीपुढून म्हणाली, “हे गाऊन राह्यले का भांडून राह्यले?”

“गाऊन राह्यले.”

“गाणारा रडवा हाय. पण थो ढोल ठोकते ना, थो खरा हाय.”

वाहेद हे मला कितीदा सांगायचा. भाषा कळत नव्हती, सूर कळत नव्हता, पण ढोलवाला खरा आहे हे तिने स्वयंपाक करता करता सांगितलं. आणि ते बरोबर होतं. तिचं ऐकता ऐकता एके दिवशी त्याचा हात टेपरेकॉर्डरच्या पत्र्यावर गेला. ढोल वाजला की पत्रा थरथरायचा आणि थरथर हातात चढायची. त्यानंतर दोघांची ती रीतच झाली. नवी कॅसेट आली की वाहेद पत्र्यावर हात ठेवायचा आणि सरवरी विचारायची, “कुठपर्यंत गेलं?”

मनगटापर्यंत गेलं तर गाणं बरं. कोपरापर्यंत गेलं तर चांगलं. खांद्यापर्यंत गेलं, तर ती कॅसेट दुकानात सगळ्यात पुढे मांडायची. मलकापूरची गिऱ्हाईकं पुढच्या रांगेतली कॅसेट न ऐकता घेऊन जायची. घरात हातावर मापून ठरतं, हे त्यांना माहीत नव्हतं. कॅसेट वाईट निघत नाही, एवढंच त्यांना माहीत होतं.

मग मोबाइल आले, गाणी चिपवर फुकट मिळू लागली, दुकान बसलं. नवराबायको सरवरीच्या माहेरी, मेहकरला आले. वाहेदने चप्पलच्या दुकानात नोकरी धरली. पुढे एका संस्थेने शेतकऱ्यांसाठी हे रेडिओ केंद्र काढलं. सोयाबीनचे भाव, बाळाच्या लसी, हवामान. संघपालला रविवारी संध्याकाळचा एक तास भरायचा होता. वाहेद म्हणाला, मी भरतो. कार्यक्रमाचं नाव ठेवलं ‘रॉक चावडी’. हवा चांगली असली तर केंद्र पंधरा-वीस किलोमीटर ऐकू येतं, पलीकडच्यांना मोबाइलवर लावावं लागतं. लोणारकडच्या बीबी गावचे लोक मोबाइलवर ऐकतात.

पहिल्या वर्षी कोणी ऐकलं नाही. दुसऱ्या वर्षापासून गावोगावचे बँड रेकॉर्डिंग पाठवू लागले. वाहेद सगळ्यांचं वाजवायचा, चांगलं-वाईट काही म्हणायचा नाही. मात्र एखादा बँड कानाला लागला की तो न सांगता एसटीत बसायचा आणि त्यांच्या कार्यक्रमाला जायचा. पुढे बसायचा नाही. मंडपाच्या अगदी मागे, जिथे गाड्या लावलेल्या असतात, तिथे उभा राहायचा. जवळच्या मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीवर तळहात ठेवायचा. स्टेजवरचा ढोल तिथपर्यंत पोचला तर टाकी थरथरते. कार्यक्रम संपायच्या आत तो शेवटची एसटी गाठायचा. घरी सरवरी जागी असायची. “कुठपर्यंत?”

खांद्यापर्यंत गेलेलं असलं, तरच रविवारी रेडिओवर ते चार शब्द.

हळूहळू जयंती समित्यांच्या कानावर गेलं. चौदा एप्रिलपासून बुद्धपौर्णिमेच्याही पुढेपर्यंत आमच्याकडे गावोगाव जयंतीचे कार्यक्रम चालतात. कोणाला बोलवायचं यावर बैठकीत हमरीतुमरी व्हायची. आता एखादा म्हातारा विचारायचा, “वाहेदभाईनं उभं राहून ऐकलं का?” ऐकलं असलं की वाद मिटायचा. उरुसाचे लोकही विचारू लागले, गणपतीवालेही.

बाजार बदलला. पॅडवर बोट दाबून ढोल काढणारे बँड मागे पडले, कारण पॅडचा ढोल टाकीपर्यंत पोचत नाही, असं पोरांमध्ये पसरलं. खरं-खोटं देव जाणे. मेहकरात एक भांड्यांचा दुकानदार कुकरच्या रिंगांशेजारी गिटारच्या तारा टांगू लागला. पोरं सिनेमाची गाणी सोडून स्वतःची लिहू लागली, कारण वाहेद उसनं गाणं वाजवताना फक्त बँडचं नाव सांगायचा आणि स्वतःचं असलं की लिहिणाऱ्याचंही. एका हुशार बँडने तर मागे गाड्यांपाशीच एक जास्तीचा स्पीकर लपवून ठेवला. वाहेदने ते पाहिलं, हसला, आणि वीस पावलं पलीकडे जाऊन आचाऱ्याच्या रिकाम्या पिंपावर हात ठेवला.

डीजेवाला कडूबा मात्र चिडून होता. दोन ट्रकभर स्पीकर होते त्याच्याकडे. पेढे घेऊन केंद्रावर आला.

“वाहेदभाई, तुमच्या चार शब्दांनी माह्या स्पीकरवर धूळ बसून राह्यली.”

“पुसत जाय.”

“एकडाव म्हणा ना, कडूबाचा डीजे उभं राहून ऐकला.”

“तुह्या डीजेपुढं उभं राहता येत नाही बाबा. छाती धडधडते, बसाच लागते. बसून ऐकला म्हणू का?”

कडूबाने पेढे परत नेले. वाटेत स्वतःच खाल्ले असं संघपाल सांगतो.

वाहेद चुकलाही. एकदा त्याने एका बँडचं नाव घेतलं, एका गावाने सुपारी दिली, आणि कार्यक्रम सपाट पडला. चौकशी केली तर, वाहेद ज्या दिवशी गेला होता त्या दिवशीचा ढोलवाला त्या बँडचा नव्हताच. त्यांचा आजारी होता म्हणून अकोल्याहून एक तयारीचा माणूस आणला होता. वाहेदच्या खांद्यापर्यंत गेलं ते त्या उसन्या माणसाचं. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. वाहेदने पुढच्या रविवारी पहिल्याच मिनिटाला सांगितलं, “मी ऐकलं ते खरं होतं, पण ज्यायचं म्हणून सांगतलं त्यायचं नव्हतं. माही चूक. गाववाल्यायनं माफ करावं.” मला वाटलं आता याचा शब्द संपला. उलटं झालं. त्यानंतर त्याचं जास्त ऐकू लागले. त्यानेही एक नियम वाढवला. निघताना कोणाला तरी विचारून घ्यायचा, ढोलवाला यांचाच का?

इथपर्यंतचं मी रंगवून सांगू शकतो. यापुढचं रंगवता येत नाही.

डिसेंबरात सरवरी गेली. पोटाचं दुखणं निघालं आणि एकवीस दिवसांत सगळं आटोपलं. चाळिसावा झाल्यावर वाहेद केंद्रावर आला. आवाज तसाच. बँडची नावं, गावांची नावं, लिहिणाऱ्याचं नाव, सगळं बिनचूक. आम्हाला बरं वाटलं. गाण्यांत मन रमेल, असं मी संघपालला म्हणालो होतो.

तो पूर्वीसारखाच एसटीने जायचा. मागे उभा राहायचा, टाकीवर हात ठेवायचा. आणि रविवारी ते चार शब्द म्हणायचा नाही. जानेवारीत म्हणाला नाही, फेब्रुवारीत म्हणाला नाही. मी एकदा त्याच्या घरी गेलो. रेडिओ चालू होता. तो त्यावर हात ठेवून बसला होता, जसा आपण एखाद्या खांबाला हात लावून उभे राहतो तसा.

“काय रे?”

“काही नाही दादा.” मी त्याच्याहून सात वर्षांनी मोठा, म्हणून दादा म्हणतो. “पत्रा थरथरते. हाताले समजते. तळहाताच्या वर जात नाही.”

“काय जात नाही?”

“कोणतंच.”

रडला असता तर मला काही करता आलं असतं. रडणाऱ्या माणसापुढे काय करायचं ते आम्हा नाटकवाल्यांना येतं. तो रडला नाही. उठून चहा केला, साखर टाकायची विसरला, आणि आम्ही दोघांनी तो तसाच प्यायला.

त्याच्या गप्प राहण्याचा बाहेर भलताच अर्थ निघाला. समित्यांना वाटलं, यंदा नव्यांत कोणी दम असलेला नाही. त्यांनी जुनेच बँड बोलावले, नाहीतर कडूबाचा डीजे. मार्च उजाडला तरी एकाही नव्या बँडला सुपारी नव्हती. त्यांच्यात काही खोट नव्हती. वाहेदचा हात बंद पडला होता, एवढंच. ते वाहेद, संघपाल आणि मी सोडून कोणाला माहीत नव्हतं.

ईदच्या आधी एक मुलगी केंद्रावर आली. बीबीची, नाव मंजुश्री. लोणारात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, आणि ‘गिट्टी’ नावाच्या बँडची ढोलवाली. डोक्यावरचं हेल्मेट काढलं तसे केस सगळीकडे उभे राहिले. ते तिने दाबलेही नाहीत. सरळ वाहेदपुढे उभी राहिली.

“चाचा, चार महिने झाले आमचं गाणं पाठवून.”

“वाजवलं ना मी. दोनदा.”

“वाजवलं, पण म्हणलं काही नाही. चांगलं म्हणा असं नाही म्हणत मी. खराब म्हणा. पण काही तरी म्हणा ना!”

“खराब मी कोणालेच म्हणत नाही.”

“थेच तं. तुम्ही गप बसले की लोक म्हणतात, वाहेदभाई गेले असतीन, ऐकलं असन, काही दम नसन.” मग तिने एका दमात सांगून टाकलं. बँडचा गिटारवाला रवी जूनमध्ये पुण्याला कंपनीत चालला होता. जयंतीच्या दिवसांत सुपाऱ्या मिळाल्या तर थांबतो म्हणत होता. तो गेला की बँड गेला, कारण गाणी तोच लिहितो. “मंग मी लॅबात रक्ताच्या बाटल्याच वाजवत बसतो का?”

संघपाल हसला. वाहेदही ओठांनी हसला. म्हणाला, “मी येतो. कवा येतो थे सांगणार नाही.”

“नका सांगू. पण उभे राह्यजा.”

ईद होऊन आठवडा झाला असेल. वाहेदने मला बरोबर घेतलं आणि आम्ही बीबीला गेलो. कोणाचा तरी साखरपुडा होता. संध्याकाळची वेळ, उजेड अजून होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं स्टेज केलेलं. मंजुश्री ड्रममागे, गाणारी समता पुढे, कडेला गिटार घेऊन रवी. आम्ही सगळ्यात मागे गेलो. मोटारसायकलींची रांग लागली होती. वाहेदने एका काळ्या गाडीच्या टाकीवर हात ठेवला.

गाडीचा मालक धावत आला. “काका, गाडी काढू का? अडून राह्यली का?”

“नाही बाबा. गाणं ऐकून राह्यलो.”

“टाकीतून?”

“हाव.”

तो मागे वळून वळून पाहत पुढे गेला.

गाणं सुरू झालं. मी चाळीस वर्षं प्रेक्षक पाहिलेला माणूस. लोकांना गाणं आवडलं की नाही हे पुढच्या रांगेवरून ओळखायचं नसतं, तिथे तर नवरदेवाचे मामा बसलेले असतात. मागे पाहायचं. आमच्या शेजारी आचारी वांगी चिरत होता. त्याची सुरी थांबली. एक बाई पोराला घेऊन घरी निघाली होती, ती पोर कडेवर घेऊन तशीच वळून उभी राहिली. एका म्हाताऱ्याने मळलेली तंबाखू तोंडात टाकायची राहून गेली. त्या मुलीचा ढोल जड नव्हता, पण एकही ठोका इकडचा तिकडे नव्हता. माझ्या मानेवर काटा आला. या वयात असं फार होत नाही.

मी वाहेदकडे पाहिलं. तो हाताकडे पाहत होता, जणू तो दुसऱ्या कोणाचा हात आहे.

तीन गाणी झाली. त्याने हात काढला. एका पोराला विचारलं, ढोलवाली यांचीच का? पोरगा म्हणाला, “आमच्या आळीतली हाय, लहानपणी पाटावर लाटणं वाजवे.” आम्ही एसटीच्या थांब्याकडे चालू लागलो.

“कुठपर्यंत?” मी विचारलं. हा प्रश्न सरवरीचा होता, मी विचारायला नको होता. पण विचारला.

“तळहातापर्यंत.”

“अरे, आचाऱ्याची सुरी थांबली!”

“पाह्यलं मी.”

“मग म्हण की रविवारी. पोरीचं सगळं त्यावर आहे. चार शब्द तर आहेत. आणि खोटं काय त्यात? तू उभा होतास, ऐकलंस.”

“लोक त्याचा अर्थ तेवढाच घेत नाहीत ना, दादा. वाहेदच्या आत गेलं, असा घेतात.”

“स्टेजवर मी हजारदा मेलो, लोक हजारदा रडले. कोणाचं काय बिघडलं?”

“तिकीट काढून आलते थे. त्यायले माहीत होतं तुम्ही उठसान म्हणून.”

मी रागावलो. म्हणालो, तुझ्या नियमापायी त्या लेकराचा बळी देशील. एसटी आली. खिडकीशी बसून त्याने पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्यावर हात ठेवला. गाडी खडखडत होती, दांडा थरथरत होता. मेहकर येईपर्यंत हात तिथेच होता.

दोन दिवस मी त्याच्याकडे गेलो नाही. रविवारी राहवलं नाही, केंद्रावर जाऊन काचेपलीकडे संघपालजवळ बसलो. संघपाल म्हणाला, “दुपारी त्यानं त्या पोरीले फोन केलता. पुढच्या शनवारी वाजवसान का म्हणून इचारलं. बाकी मले काही सांगतलं नाही.”

सात वाजले. वाहेदने आधी सवयीप्रमाणे दोन गाणी वाजवली. मग ‘गिट्टी’चं लावलं. गाणं संपलं आणि तो माइककडे झुकला. त्याने झाकण काढून पाणी प्यायलं नाही, घसा खाकरला नाही. भाव सांगावेत तशा आवाजात बोलला.

“हा बीबीचा बँड हाय. मी गेलतो. उभाबी राह्यलो. पण मले काही झालं नाही. त्यात पोरायचा दोष नाही. माही घरवाली, सरवरी, डिसेंबरात गेली. तवापासून मले कोणत्याच गाण्यानं काही होत नाही. तीन महिने मी कोणाबद्दल ‘उभं राहून ऐकलं’ म्हणलं नाही, थे बँड खराब होते म्हणून नाही. हे मी आधीच सांगाले पाह्यजे होतं. नाही सांगतलं, माही चूक. ज्यायच्या सुपाऱ्या गेल्या त्यायनं माफ करावं. आता माह्या तोंडाकडं पाहू नका. येत्या शनवारी पाच वाजता, बीबीत, विहारापुढच्या मैदानात हे पोरं वाजवणार हायेत. तुम्ही जा. पुढं नका बसू. मागं, गाड्यायपाशी उभे राहा. गाडीच्या टाकीवर हात ठेवा. हातातून वर किती चढते थे पाहा. मनगटापर्यंत गेलं तं बरं. कोपरापर्यंत गेलं तं चांगलं. खांद्यापर्यंत गेलं, तं बोलवा.”

मग पुढचं गाणं. संघपालने बटण दाबलं. त्याचे डोळे भरले होते. वाहेदने पेल्यावरचं झाकण काढलं, पाणी प्यायलं, झाकण परत ठेवलं.

त्याने त्या तासात स्वतःची बारा वर्षांची कमाई उचलून दुसऱ्यांच्या हाती दिली, आणि त्याच्या चेहऱ्यावर त्यातलं काहीच नव्हतं. उद्या लोक म्हणतील, मग याचं कशाला ऐकायचं? हे त्यालाही समजत होतं. मी बाहेर आल्यावर तसं म्हणालो. तो म्हणाला, “हो, म्हणतीन.” आणि चप्पल घातली.

शनिवारी आम्ही बीबीला गेलो. एसटी उशिरा आली, पोचायला सव्वापाच झाले. गावाच्या वळणावरच गाड्या लागलेल्या दिसल्या. मैदानावर खुर्च्या मांडल्या होत्या आणि बऱ्याचशा रिकाम्या होत्या. मग मागे पाहिलं. माणसं सगळी मागे होती. हिवरा आश्रमाकडचे आले होते, मलकापूरहून जुन्या दुकानाचं गिऱ्हाईक असलेले दोन म्हातारे आले होते. समित्यांचे लोक तर ओळखूच येत होते, खिशात डायरी. कडूबाही होता, स्वतःच्या बुलेटच्या टाकीवर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून. पोरी हसत होत्या त्याला.

मंजुश्रीने ढोल वाजवायला घेतला तसं सगळं मैदान चूप झालं. मी जन्मभर भरलेली नाट्यगृहं पाहिली, पण प्रेक्षक खुर्च्या सोडून, मागे उभे राहून, खाली मान घालून, आपापल्या हाताकडे पाहत गाणं ऐकताना कधी पाहिले नव्हते.

कार्यक्रम संपला तशी खांद्याला हात लावून दाखवायची लोकांची झुंबड उडाली. मंजुश्रीभोवती चार-पाच डायऱ्या उघडल्या. रवी आईला फोनवर सांगत होता की पुण्याचं पाहू पुढे. मंजुश्री गर्दीतून वाट काढत वाहेदपाशी आली आणि समोर उभी राहिली. वाहेदने तिच्या उभ्या केसांवर हात ठेवला आणि काढून घेतला.

मी त्याला थांब्याकडे नेलं. ऊन उतरत होतं. लोक ओरडून ओरडून सांगत होते, कोपर, खांदा, एक तर म्हणत होता दाढेपर्यंत. वाहेद आपल्या चालीने चालत होता. न राहवून मी पुन्हा तेच विचारलं.

“तुला? कुठपर्यंत?”

तो थांबला. तळहात उलटा करून पाहिला.

“हात ठेवाले एक टाकी रिकामी भेटली नाही, दादा.”